भाऊ टीबीच्या गोळ्या चुकवतो, त्याला शिस्त कशी लावायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय २९, वजन ५८ किलो, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. फुप्फुसाचा टीबी निघाला. सरकारी केंद्रातून रोजच्या चार गोळ्या सुरू होऊन दोन महिने होत आले. पहिला महिना त्याने नीट घेतल्या. आता खोकला थांबलाय, ताप नाही, अंगावर थोडं मांसही आलंय, आणि आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी गोळ्या राहतात. आई रोज विचारते, तो चिडतो. परवा गादीखाली न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. त्याला शिस्त कशी लावायची?

शिस्तीचा मुद्दा मी आधीच बाजूला ठेवतो. ज्याने पहिला महिना रोज चार गोळ्या गिळल्या, त्याच्याकडे शिस्त आहे. दुसऱ्या महिन्यात काहीतरी बदललं, आणि ते काय हे घरात कुणालाच ठाऊक नाही. खरा प्रश्न तो आहे. गोळ्या चुकण्याची कारणं ठरावीक असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. मळमळीमुळे गोळी टाळणाऱ्याला टीबीची भीती घालून काही होत नाही. रातपाळीमुळे विसरणाऱ्याला मळमळीचं औषध देऊन उपयोग नाही. कारण न शोधता ओरडलं की माणूस गोळ्या घेऊ लागत नाही, लपवू लागतो. तुमच्याकडे तेच झालंय.

काही गोष्टी तुमच्या मजकुरातून कळत नाहीत आणि पुढचं बरंचसं त्यांवर अवलंबून आहे. त्याला मधुमेह आहे का, एचआयव्हीची तपासणी झाली का, दारू पितो का आणि किती, पूर्वी कधी कावीळ झाली होती का, सुरुवातीच्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या थुंकीच्या तपासणीत रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतंय असं आलं होतं का. हा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे असं धरून मी लिहितोय. औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर गोळ्या वेगळ्या, त्रास वेगळे, हिशेबही वेगळा.

आधी किती चुकलं तर किती बिघडतं ते पाहू, कारण घरात एकतर 'एका दिवसाने काय होतंय' असतं, नाहीतर 'आता संपलं सगळं' असतं. दोन्ही खरं नाही. नेहमीचा कोर्स २४ आठवड्यांचा, म्हणजे १६८ डोसांचा. पहिले ५६ दिवस चार औषधं एकाच गोळीत: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्बुटॉल. पुढचे ११२ दिवस पायराझिनामाइड वगळून तीन. या कोर्सविषयीच्या मोठ्या चाचण्यांच्या आकडेवारीची एकत्र छाननी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात दहातला एक डोस चुकवणाऱ्यांमध्येही आजार उलटण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं दिसलं. १६८चे दहा टक्के म्हणजे सतराच्या आसपास. आठवड्याला एक डोस चुकला तर सहा महिन्यांत २४ होतात. म्हणजे 'आठवड्यातून एकदाच तर' हे सतराची रेघ सहज ओलांडतं. एखादा सुटा दिवस नुकसान करत नाही, पण ठरून गेलेला एक दिवस करतो.

बरं वाटत असताना औषध का लागतं, हे भावाला नीट कळलं पाहिजे. 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढ्यावर सहा महिने निघत नाहीत. शरीरातले सगळे जंतू एकाच वेगाने वाढत नसतात. भराभर वाढणारे पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत मरतात. खोकला, ताप, रात्रीचा घाम त्यांच्यामुळे असतो, म्हणून तो लवकर जातो. मागे राहतात ते जवळजवळ सुस्त पडलेले. औषध मारा करतं ते वाढणाऱ्या जंतूवर, त्यामुळे हे सुस्त जंतू अधूनमधून जागे होतील तेव्हा रिफाम्पिसिन रक्तात हजर असावं लागतं. पुढचे चार महिने या उरलेल्यांसाठी आहेत. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी थुंकीची तपासणी होते आणि ती बहुतेकांची निगेटिव्ह येते. 'निगेटिव्ह आलं' म्हणजे 'बरा झालो' असं समजून इथेच पुष्कळ जण औषध सोडतात. निगेटिव्हचा अर्थ एवढाच, की थुंकीत आता दिसण्याइतके जंतू नाहीत.

एमडीआरची, म्हणजे मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची, भीती दाखवून भावाला घाबरवू नका. एकत्रित गोळीत चुकलं तर चारही औषधं एकदम चुकतात. एकटं एखादं औषध जंतूंसमोर उरत नाही. म्हणून तुटक-तुटक चुकण्याचा जास्त नेहमीचा परिणाम म्हणजे कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी आजार परत येणं. प्रतिरोध निर्माण होण्याचा, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा, धोका मात्र खरा आहे, आणि लांब खंड पडला किंवा डोस अर्धवट घेतला की तो वाढतो. मळमळतं म्हणून चाराऐवजी दोनच गोळ्या घेणं हे एक दिवस पूर्ण चुकवण्यापेक्षा वाईट असू शकतं, कारण रक्तात औषध अपुरं पडतं आणि घेतल्याचं समाधान मात्र मिळतं. दोन सकाळी, दोन रात्री अशी विभागणीही करायची नाही. चारही एकाच वेळी घेतल्या तरच रिफाम्पिसिनची रक्तातली पातळी हवी तेवढी चढते.

आता कारणांकडे. दुसऱ्या महिन्यात चुकायला लागलेल्या माणसाच्या बाबतीत मी त्रासापासून सुरुवात करतो. माणसं त्रास सांगत नाहीत, 'विसरलो' म्हणतात. सांगितला तर औषध बदलतील, इंजेक्शन देतील, दाखल करतील अशी भीती असते.

मळमळ सगळ्यांत जास्त आढळते. पुस्तकी नियम आहे की गोळ्या रिकाम्या पोटी घ्याव्यात, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. ज्याला सोसतं त्याने तसंच करावं. ज्याला सोसत नाही त्याने हलकं काहीतरी खाऊन घ्याव्यात: थोडी भाकरी, दोन इडल्या, केळं. शोषण जरा कमी होतं, पण न घेतलेल्या गोळीचं शोषण शून्य असतं. फार तेलकट खाऊन नको. पित्ताचं पांढरं औषध किंवा अँटासिड घ्यायचं असेल तर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर आयसोनियाझिड अंगी लागत नाही. चारही गोळ्या एकाच घोटात गिळायची सक्ती नाही. दहा मिनिटांत एकेक करून घेतल्या तरी चालतं. गोळ्या घेतल्यावर लगेच उलटी होऊन त्या बाहेर पडत असतील, तर ते केंद्रात सांगा. उलटीचं औषध देता येतं.

लघवी नारिंगी होते. ती रिफाम्पिसिनमुळे होते आणि निरुपद्रवी आहे. घाम आणि डोळ्यांतलं पाणीही तसंच होऊ शकतं. कुणी आधी सांगितलं नसेल तर 'रक्त जातंय' किंवा 'गोळ्या गरम पडल्या' म्हणून लोक थांबतात. चार जणांच्या खोलीत सामायिक संडास असेल तर लाजेनेही थांबतात. रंग काही तासांत फिका होतो, हे कळलं तर गोळीची वेळ त्या बेताने ठरवता येते.

सांधे दुखतात, बहुधा खांदे, गुडघे, घोटे. पायराझिनामाइडमुळे रक्तात युरिक अॅसिड वाढतं. बारा तास यंत्रमागासमोर उभं राहणाऱ्याला हे दुखणं जड जातं, आणि तो कामाच्या दिवशी गोळी टाळून सुट्टीच्या दिवशी घेऊ लागतो. वेदनाशामक डॉक्टरांना विचारून घेता येतं. त्याहून मोठा दिलासा असा, की हे औषध ५६ डोसांनंतर बंद होतं. तुमचा भाऊ त्या टप्प्याच्या जवळ आहे. त्याला हे माहीत आहे का, विचारा.

तळपायांना मुंग्या किंवा आग होत असेल तर ती आयसोनियाझिडमुळे. त्यावर बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन देतात. दारू पिणारे, मधुमेही आणि कृश माणसं यांना हा त्रास जास्त होतो. बी-६ची छोटी गोळी रोज चालू आहे का ते पाहा. मुख्य गोळ्यांच्या गर्दीत तीच आधी सुटते.

तीन गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही. पहिली, कावीळ. इथे एक अडचण अशी की लघवीचा रंग बघून काही कळत नाही, तो आधीच बदललेला असतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात पाहा. जेवणावरची वासना साफ उडाली, सतत उलट्या होतायत, उजव्या बरगडीखाली दुखतंय, डोळे पिवळे वाटतायत, तर सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. यकृताची तपासणी करतात. त्रास असताना रक्तातली यकृताची एन्झाइम सामान्य कमाल पातळीच्या तिपटीच्या वर, किंवा त्रास नसतानाही पाचपटीच्या वर असतील तर औषधं बंद ठेवून नंतर एकेक करून परत सुरू करतात. हे काम डॉक्टरांचं, घरी करायचं नाही. दुसरी, नजर. अंधुक दिसणं किंवा लाल-हिरवा रंग नीट न ओळखता येणं हा इथॅम्बुटॉलचा परिणाम असू शकतो. मागावर रंगीत धागा पाहणाऱ्याच्या हे लवकर लक्षात येतं, पण 'चष्मा लागला असेल' म्हणून सोडलं जातं. तिसरी, अंगभर पुरळ, त्याबरोबर ताप, किंवा तोंडात फोड.

आणखी एक गोष्ट कमी जणांना माहीत असते. रिफाम्पिसिन तुटक-तुटक घेतलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिक्रिया देऊ शकतं: गोळी घेतल्यावर काही तासांत थंडी, ताप, अंगदुखी. मग माणूस म्हणतो, 'गोळी घेतली की ताप येतो, नाही घेतली की बरं वाटतं.' त्याचं निरीक्षण खरं असतं, पण चुकवण्यामुळेच ते सुरू झालेलं असतं. भावाचं बोलणं असं असेल तर आजच केंद्रात कळवा. लांब खंडानंतर स्वतःहून परत सुरू करायचं नाही, त्याचंही हेच कारण.

दुसरं मोठं कारण काम. इचलकरंजीत बारा-बारा तासांच्या पाळ्या, आठवड्याला दिवसपाळी-रातपाळीची अदलाबदल. केंद्रातून मिळालेला सल्ला असतो 'रोज सकाळी उपाशीपोटी'. रातपाळीवरून आठ वाजता येऊन थेट झोपणाऱ्याची सकाळ कोणती? तो संध्याकाळी उठतो, गोळी राहिलेली असते, आता घेऊ की नको या विचारात दिवस जातो. इथे उपाय सोपा आहे. दिवसपाळीच्या आठवड्यात निघण्याआधी साधारण सातला, रातपाळीच्या आठवड्यात घरी आल्या आल्या साधारण साडेआठला, दोन घास खाऊन झोपण्याआधी. दोन्ही वेळांत फरक दीडच तासाचा पडतो आणि दोन्ही वेळा तो घरी असतो. गोळ्या कारखान्यात न्याव्या लागत नाहीत, चारचौघांत पाकीट काढावं लागत नाही. पाळी बदलते त्या दिवशी चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून त्या दिवशी घरच्यांनी आठवण करायला हरकत नाही. बाकीचे दिवस त्याच्या मागे लागू नका.

कामाचा दुसरा भाग म्हणजे खाडा. मजुरी मीटरवर मिळते. गोळ्या आणायला दवाखान्यात अर्धा दिवस गेला की पैसे बुडतात, आणि मालकाला कारण सांगावं लागतं. टीबी कळला तर कामावरून काढतील ही भीती अनेकांना असते. गोळ्या संपल्या पण आणायला सवड झाली नाही, असे दोन-तीन दिवसांचे खंड खूप दिसतात, आणि घरी ते निष्काळजीपणा म्हणून मोजले जातात. गोळ्या आणायला दरवेळी रुग्णानेच जावं लागत नाही. पहिल्यांदा केंद्रात जाऊन बोला: घरातलं कुणी नेऊ शकतं का, आशाताईंकडे ठेवता येतील का, एकदम जास्त दिवसांच्या मिळतील का. पाकीट संपायला आठवडा राहिला की पुढचं आणायचं, अशी सवय ठेवा. केंद्रावर कधी साठाच नसतो, हेही धरून चला. मार्च २०२४च्या सुमारास अनेक राज्यांत गोळ्यांचा तुटवडा झाला होता आणि केंद्र सरकारने राज्यांना स्थानिक खरेदीची मुभा दिली होती. ज्यांच्याकडे आठवड्याचा साठा हातात असतो त्यांना शोधायला वेळ मिळतो.

येत्या काही दिवसांत तुमच्याकडे एक नाजूक टप्पा येतोय, ५६ डोसांनंतरचा बदल. गोळी बदलते, पाकीट वेगळं दिसतं, थुंकीचा नमुना द्यावा लागतो. 'रिपोर्ट आला की पुढचं बघू' म्हणून आठ-दहा दिवस मोकळे जातात. रिपोर्टसाठी गोळ्या थांबवायच्या नसतात. नमुना द्यायला जाल त्याच दिवशी पुढच्या टप्प्याच्या गोळ्या मागून घ्या. त्याच वेळी वजन करायला सांगा. वजन पाच किलोहून जास्त बदललं असेल आणि वजनाचा गट बदलला असेल तर गोळ्यांची संख्या बदलू शकते.

घरातल्या वागण्याबद्दल थोडं. आईची काळजी समजते. पण रोज 'घेतल्यास का?' या प्रश्नाला 'हो' हे एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, शांतपणे, 'गेल्या सात दिवसांत किती दिवस राहिल्या?' असं विचारा. या प्रश्नात चुकणं गृहीत धरलंय, त्यामुळे खरं सांगायला जागा मिळते. मग पुढचा प्रश्न: 'त्या दिवशी काय झालं होतं?' उत्तर मिळालं की ओरडायचं नाही. एकदा ओरडलात तर पुढचे चार महिने खरं ऐकायला मिळणार नाही. पाकिटं त्याच्या समोर, त्याच्या संमतीने मोजा. गादी उचलून नको.

त्याचं ताट-वाटी वेगळी केली आहे का? बऱ्याच घरांत करतात. टीबी भांड्यांतून पसरत नाही, खोकल्या-शिंकल्यातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून हवेने पसरतो. नियमित, लागू पडणारं औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप उतरतो. दोन महिन्यांनीही वेगळं ताट ठेवणं म्हणजे त्याला रोज जेवताना आजाराची आठवण देणं. २९ वर्षांचा आहे, लग्नाचं बोलणं चालू असेल तर पाहुणे आले की गोळ्या लपवल्या जातात, आणि लपवलेली गोळी त्या दिवशी राहते. मुलींच्या बाबतीत हे अधिक कडक असतं: सासरी कळलं तर माहेरी पाठवतील या भीतीने पाकीट पिठाच्या डब्यात जातं. अशा घरात गोळीची वेळ आणि जागा अशी निवडावी लागते की कुणासमोर घ्यावी लागणार नाही.

समोर बसवून गोळ्या देण्याची पद्धत कशी आली ते सांगतो, कारण ती पोलिसी वाटते. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला: गरीब वस्तीतल्या रुग्णांना घरीच औषध द्यायचं की सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णालयात, विश्रांती, हवा, चांगलं अन्न देऊन ठेवायचं. १९५९ साली प्रसिद्ध झालेले निकाल घरच्या उपचारांच्या बाजूने होते. दाटीवाटीची खोली आणि अपुरं जेवण असूनही औषध पोटात गेलं तर माणूस बरा होतो. पण औषध पोटात जातंय की नाही हे तपासायला तेव्हाही लघवीची तपासणी आणि घरी अचानक भेटी होत्याच. देखरेखीचा उगम तिथे आहे. रुग्णावर अविश्वास हे त्याचं कारण नव्हतं. सहा महिने एकट्याने गोळ्या घेणं हे कुणालाही कठीण, म्हणून सोबतीला माणूस हवा. तो सोबती घरचा, शेजारचा, आशाताई, कामावरचा मित्र कुणीही असू शकतो. केंद्रात त्याची 'उपचार सहाय्यक' म्हणून नोंद होते. भावाला विचारा, त्याला कोण चालेल. आईपेक्षा मित्र चालणार असेल तर मित्र. गोळ्यांच्या पाकिटावरच्या नंबरला मिस्ड कॉल देण्याची किंवा आठवण देणाऱ्या डब्याची सोय काही ठिकाणी असते. तिचा फायदा विसरणाऱ्याला होतो. ज्याला घ्यायच्याच नाहीत तो गोळी न गिळताही मिस्ड कॉल देऊ शकतो.

दारूचं विचारलं नाहीत, तरी लिहितो. यकृतावरचा भार वाढतो हे खरं, म्हणून कोर्सभर बंद ठेवणं उत्तम. पण दवाखान्यातलं हे वाक्य घरी येईपर्यंत 'दारू प्यायली तर गोळी विष होते' असं होतं, आणि मग पगाराच्या रात्री प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशीचीही गोळी टाळतो. आठवड्याला ठरून एक डोस चुकण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. तुमच्या भावाच्या चुकलेल्या तारखा आणि पगाराचे दिवस जुळतात का पाहा. जुळत असतील तर दारू कमी करण्याची बोलणी वेगळी चालू द्या, डॉक्टरांना खरं सांगून यकृताची तपासणी करून घ्या, पण गोळी त्यासाठी टाळू देऊ नका. तंबाखूच्या माव्याचंही सांगायला हवं. मळमळ त्यानेही वाढते.

उपवासांचं उत्तर सोपं आहे. गोळी आणि पाणी याने उपवास मोडतो असं ज्याला वाटतं त्याच्याशी वाद घालू नका, वेळ बदला. नवरात्रात फराळाबरोबर, रमजानमध्ये सहरीच्या वेळी.

पैशांची बाजू. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, ३०००च्या दोन हप्त्यांत: पहिला निदान झाल्यावर, दुसरा ८४ दिवसांचे उपचार झाल्यावर. अडतात ते बहुधा खात्यामुळे: आधार जोडलेलं नाही, नावात फरक, खातं बंद पडलेलं. पहिला हप्ता आला का ते विचारा. नसेल तर पासबुक आणि आधार घेऊन केंद्रातच जा, कारण बँक खात्याची नोंद तिथल्या निक्षय या टीबी रुग्णांच्या संगणकीय नोंदीत दुरुस्त होते. पोटात पुरेसं नसेल तर चार गोळ्या पोटात आग करतात आणि माणूस जेवण नाही म्हणून गोळी टाळतो. हे कारण कुणी तोंडाने सांगत नाही.

भाऊ गावी किंवा दुसरीकडे कामाला जाणार असेल तर आधी सांगा. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतले रुग्ण दिवाळीच्या सुमारास असेच मधेच सुटतात. निक्षयचा आयडी, म्हणजे त्या नोंदीतला रुग्णाचा क्रमांक, देशभर चालतो. तो फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, निघण्याआधी बदलीची नोंद करा, आणि प्रवासापुरत्या गोळ्या जादा मागा. माहिती अडली तर निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६.

आता झालेल्या चुकीचं काय करायचं ते. एखाद्या दिवशी विसरला आणि त्याच दिवशी आठवलं तर आठवल्या आठवल्या घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाच्या चारच. आठ कधीही नाही. चुकलेले डोस केंद्रात सांगितले की ते शेवटी जोडून घेतात, म्हणून १६८ पुरे व्हायला सहा महिन्यांपेक्षा काही दिवस जास्त लागतील. खंड महिन्याच्या आसपास किंवा जास्त झाला तर गोष्ट वेगळी: पुन्हा थुंकी तपासून रिफाम्पिसिनला प्रतिरोध आलाय का ते पाहिल्याशिवाय औषध ठरवत नाहीत. तुमच्याकडे अजून तसं काही नाही. चुकलेले दिवस खरे सांगा. लपवले तर डॉक्टर चुकीच्या हिशेबावर पुढचं ठरवतात.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. त्याच्याशी एकट्याने बोला, गेल्या चार आठवड्यांतले चुकलेले दिवस कॅलेंडरवर मांडा आणि ते पाळी, पगार, गोळ्या संपण्याचा दिवस, अंगदुखी यांतल्या कशाशी जुळतात ते बघा. बहुतेक वेळा दोन-तीन कारणांत सगळं येतं. मग त्याला घेऊन केंद्रात जा. सोबत गोळ्यांची सगळी पाकिटं, उरलेल्यांसह, चालू असलेली इतर औषधं, जुने रिपोर्ट आणि पासबुक. इतर औषधं महत्त्वाची आहेत, कारण रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, एचआयव्हीची काही औषधं यांचा परिणाम उतरवतं. घरातली कुणी बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल आणि पुढे तिलाच टीबीचं औषध लागलं, तर त्या गोळ्यांवरही भरवसा ठेवता येत नाही.

आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला याच फेरीत केंद्रात न्या. टीबी नाही याची खात्री करून त्याला प्रतिबंधक औषध सुरू करतात, आणि ते तुमच्या भावाच्या गोळ्या नीट चालू असोत वा नसोत, आता लागतंच.